मेणवलीचा घाट आणि पेन टॅब्लेट: पाच महिन्यांच्या नोंदी

मी वाईला पतसंस्थेत नोकरी करते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. त्यानंतर अठरा वर्षं रंगांना हात लागला नाही. आता डिजिटल चित्रकला शिकायची आहे. काम एकच ठरवलंय: वाईजवळच्या मेणवलीच्या कृष्णाघाटाचं एक चित्र काढायचं आणि ए-थ्री आकारात छापून आईला द्यायचं. मेणवली तिचं माहेर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पुण्याला दादाकडे असते, घाटाच्या पायऱ्या उतरणं आता तिच्याच्यानं होत नाही. मुलगी झोपल्यावर साडेनऊ ते साडेदहा हा माझा वेळ. अशाच रात्रीच्या एका तासात शिकणारं कुणी असेल तर त्याच्यासाठी या नोंदी.

२ जून २०२४

बिनपडद्याचा पेन टॅब्लेट घेतला, ४,३०० रुपये. लॅपटॉपला जोडायची ही पाटी; तिच्यावर पेन फिरवलं की रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. पडद्याचा घेणं परवडणारं नव्हतं. लॅपटॉप सहा वर्षांचा, ८ जीबी रॅमचा. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाकलं.

हात खाली टेबलावर आणि नजर वर पडद्यावर, हे फार अवघड जातं. स्वतःची सही करून पाहिली तर अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं. तासभर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा ओढल्या.

९ जून

आठवडाभर वर्तुळं काढली. एकही गोल आलं नाही, सगळी आडव्या अंड्यासारखी. बुधवारपर्यंत वाटलं की सवय नाही, होईल. गुरुवारी वाटलं की आपला हातच गेला. गुरुवारी आणि शुक्रवारी टॅब्लेट उघडलाच नाही. ह्यांना म्हणाले, परत देता येतो का बघा.

काल मुलीची बांगडी टेबलावर पडली होती. ती टॅब्लेटवर ठेवली आणि आतल्या कडेनं पेन फिरवलं. पडद्यावर तेच अंडं! म्हणजे चूक हाताची नव्हतीच. टॅब्लेटची जागा १० बाय सव्वासहा इंच, म्हणजे १६:१० प्रमाणाची. लॅपटॉपचा पडदा १६:९. टॅब्लेटचा सगळा भाग पडद्यावर ताणून बसवल्यामुळे प्रत्येक आकार साधारण ११ टक्क्यांनी रुंद होत होता. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये प्रमाण पडद्याइतकं ठेवायचा पर्याय असतो, तो निवडला. खालची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी आता वापरात येत नाही, पण बांगडी गोल येते.

या एका गोष्टीत आठवडा गेला आणि सोडून द्यायचा विचारही येऊन गेला. नवीन टॅब्लेट घेतला की पहिल्या दिवशी बांगडी किंवा वाटी ठेवून बघाच.

१६ जून

रेघ दाबली तरी जाड होत नव्हती. क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत, पेनाचा दाब क्रिटापर्यंत पोचवायचे दोन मार्ग. माझ्याकडे विंडोज इंकवर दाब कळायला लागला. बदलल्यावर क्रिटा बंद करून पुन्हा उघडावं लागलं. चाळीस मिनिटं गेली.

३० जून

दोन आठवड्यांत चित्र म्हणावं असं काहीच काढलं नाही. ब्रश गोळा केले. फुकटचे संच उतरवले, एकेकात शंभर-दीडशे ब्रश: पानांचे, ढगांचे, विटांचे. प्रत्येक ब्रशची एक रेघ ओढून बघायची आणि पुढचा घ्यायचा. काम केल्यासारखं वाटतं, हातात काही येत नाही.

वर ३,५०० रुपयांचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. सहा व्हिडिओ पाहिले. शिकवणारे भराभर काढत जातात, मी बघत राहते, तास संपतो. पेन हातात घेतलेलाच नसतो. पैसे परत मिळायची मुदत सात दिवसांची होती, ती गेली.

१४ जुलै

दोन आठवडे काहीच नाही.

रात्री बसायचे, पण आधी "प्रेरणा" म्हणून मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं बघायला घ्यायचे. आज मोजलं, ६४० चित्रं साठवली आहेत. त्यात डोंगरात तरंगणारे किल्ले आहेत, पावसातली परदेशी शहरं आहेत, निळ्या केसांच्या मुली आहेत. घाट एकही नाही. पायरीवर पाणी कसं दिसतं हे सांगणारं त्यात काही नाही. बघून झाल्यावर स्वतःची रेघ इतकी दुबळी वाटायची की लॅपटॉप मिटून झोपायचे. सकाळी वाटायचं, आपली आवड खरी नव्हतीच.

चित्रं पुसली नाहीत, तेवढं धैर्य झालं नाही. त्या फोल्डरचं नाव बदलून "नंतर" ठेवलं आणि ते ॲप मोबाइलवरून काढून टाकलं.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना भेटायला गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. लॅपटॉप सोबत नेला होता. सरांनी पेन टॅब्लेट पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "दे बघू इकडे."

पहिली रेघ त्यांचीही थरथरली. दुसऱ्या वेळी त्यांनी मनगट टेबलावर टेकवलंच नाही, कोपरापासून सगळा हात ओढला. रेघ सरळ गेली. मग विचारलं, "यात कागद फिरवता येतो का?" क्रिटात ४ आणि ६ या कळांनी कागद फिरतो, ५ दाबलं की सरळ होतो. हे मला दीड महिन्यात गरजेचं वाटलं नव्हतं. सर ग्रेड परीक्षेच्या वेळी ड्रॉइंग बोर्ड मांडीवर फिरवायला सांगायचे ते एकदम आठवलं. हाताचा स्वाभाविक बाक जिकडे असतो तिकडे रेघ येईल असा कागद फिरवायचा.

माझ्या फायली पाहून ते काही बोलले नाहीत. अनडू, म्हणजे काढलेली रेघ एका कळीनं मागे घेणं, मात्र त्यांना खटकलं. "चुकलेली रेघ लगेच पुसलीस तर ती कुठे चुकली हे बघणार कधी?" जाताना गृहपाठ दिला: घरातला तांब्या, तोच तांब्या, सात दिवस, रोज अर्धा तास, अनडू न करता. मी म्हटलं, "सर, मला घाट काढायचाय." म्हणाले, "तांब्याचा काठ आला की पायरीची कड येईल. शनिवारी सगळे सात घेऊन ये."

२८ जुलै

काल सात तांबे घेऊन गेले. पहिल्या तिघांचे काठ टोकाला मोडल्यासारखे आहेत, लंबगोलाच्या कडा टोकदार झाल्यात. चौथ्या दिवशी कळलं की दूरचा काठ आणि जवळचा काठ मी वेगवेगळे काढते आणि मग जोडते. पाचव्या दिवसापासून हवेत दोन-तीनदा पेन फिरवून मग एका झटक्यात लंबगोल घेतला. सातवा तांब्या पाणी भरता येईल असा झालाय.

सातही दिवस बसले. घाटाचं चित्र आईला "कधीतरी" द्यायचं होतं. तांबे सरांना शनिवारीच दाखवायचे होते, आणि सर वाट बघत असणार हे माहीत होतं. एवढ्या एका फरकानं मी रोज साडेनऊला टेबलाशी होते.

पाऊस जोरात आहे, मेणवलीला जाता येत नाही. ढोल्या गणपतीच्या देवळाकडे लांबून उभी राहिले. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ, त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. जन्मापासून बघतेय, पण पाणी तिथे नेमकं कसं वळतं हे कधी पाहिलं नव्हतं. छत्री मानेत धरून वहीत तीन रेघा काढल्या. कोर्सच्या सहा व्हिडिओंतून जे मिळालं नाही ते त्या तीन रेघांत मिळालं.

११ ऑगस्ट

पाऊस उघडल्यावर मेणवली. मुलगी सोबत. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून घाटावर उतरलो. मुलीला घंटा दाखवली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. मुलीनं विचारलं, "मग ती वाजली की वसईला ऐकू जायचं का?" वहीत तेही लिहून ठेवलं.

मी दोन महिने आठवणीतून जे घाटाचे कच्चे आराखडे केले होते, त्यात घंटा सगळीकडे दुप्पट मोठी निघाली. स्मरणचित्रात ही खोड मला शाळेतही होती. जे आवडतं ते मोठं होतं.

आता मुख्य गोष्ट, रंगाची. मोबाइलनं फोटो काढला तर पायऱ्या जवळजवळ काळ्या आल्या, कारण वरचं पांढरं आभाळ सांभाळायला कॅमेऱ्यानं खालचं सगळं गडद केलं. मी आधी असल्याच फोटोंतून रंग उचलत होते आणि चित्र मेलेलं का दिसतं म्हणून त्रास करून घेत होते. डोळ्यांना तिथे काळं काहीच दिसत नव्हतं. ओल्या पायरीच्या माथ्यावर आभाळ उतरलेलं असतं, म्हणून माथा उजळ आणि थंड. उभी बाजू मातकट. सांध्यांत शेवाळ. वहीत शब्दांत लिहिलं: माथा ओल्या पाटीचा, उभी बाजू भिजवलेल्या हुलग्याची, शेवाळ मुगाच्या सालीचं.

घरी येऊन रात्री तेच रंग जुळवले. स्वयंपाकघरातून वाटीत हुलगे आणले, भिजवले, टेबलावर दिव्याखाली ठेवले आणि पडद्यावरचा रंग त्यांच्याशी ताडून पाहिला. क्रिटात पॅलेट करून प्रत्येक रंगाला नाव देता येतं. "पाटी", "हुलगा", "मूगसाल" अशी नावं दिली. साडेदहा कधी वाजले कळलं नाही, उठले तेव्हा पावणेबारा झाले होते.

१८ ऑगस्ट

औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावर चढताना वाटेत भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभं केलेलं. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथे आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे.

एका चित्रातल्या लुगड्याच्या जरीसमोर मी बराच वेळ थांबले. चार पावलांवरून जर चमकते. नाक जवळ नेलं तर जर नाहीच. मातकट पिवळ्याचे ठिपके, त्यांच्या शेजारी तपकिरी, आणि मोजून पाच-सहा ठिकाणी पांढरट पिवळा टेकवलेला. एकही धागा काढलेला नाही. दोन पावलं मागे आले, पुन्हा जर. असं चार-पाचदा केलं.

घरी येऊन ब्रशचे उतरवलेले सगळे संच काढून टाकले. तीन ठेवले: एक कडक गोल, एक मऊ, एक खरबरीत. पानांचा ब्रश वापरला तर पानं ज्यानं तो ब्रश केला त्याचीच राहतात. मला घाटावरची पानं ठिपक्यांनी टेकवायची आहेत.

१ सप्टेंबर

मोठं नुकसान. ए-थ्री ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. त्यावर ३४ लेअर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) झाले आणि लॅपटॉप प्रत्येक रेघेला दोन सेकंद थांबायला लागला. फाइल हलकी करावी म्हणून सगळे लेअर एकत्र केले आणि सेव्ह केलं. पुन्हा एकदा सेव्ह केलं, सवयीनं. मग लक्षात आलं की पाणी आणि पायऱ्या एकाच थरात चिकटल्या आहेत आणि पाण्याचा रंग बदलायचा राहिलाय. क्रिटा आधीची एक प्रत नावापुढे लहरी चिन्ह (~) लावून ठेवतं, पण दुसऱ्यांदा सेव्ह केल्यावर तीही एकत्र झालेल्या फाइलचीच झाली. नऊ रात्रींचं काम गेलं.

रडू आलं, ते इथे लिहिते. दुसऱ्या दिवशी बसले नाही.

दुरुस्ती अशी केली. चित्र ए-फोर ३०० डीपीआयवर आणलं, २४८० बाय ३५०८. ते ए-थ्रीवर छापलं तर साधारण २१२ डीपीआय पडतं, भिंतीवरच्या चित्राला पुरतं. लेअर जास्तीत जास्त आठ. आणि रोज उठताना कंट्रोल-आल्ट-एस. त्यानं जुनी फाइल तशीच राहते आणि पुढच्या क्रमांकाची नवी तयार होते. आठवड्याच्या फायली पेन ड्राइव्हवर.

पायऱ्या पुन्हा काढल्या त्या पाच रात्रींत झाल्या, आणि पहिल्यापेक्षा बऱ्या आल्या.

२२ सप्टेंबर

गणपतीत काही झालं नाही. घरचा गणपती, पाहुणे, मोदक, मग गौरी. ते होणारच होतं. पण विसर्जनानंतरही पाच दिवस बसले नाही, त्याचं कारण शोधलं. फाइल उघडली की पुढे काय करायचं हेच आठवेना. मी प्रत्येक वेळी एखादा भाग पुरा करून उठत आले होते, त्यामुळे परत आल्यावर समोर नुसतं भलंमोठं चित्र.

आता उठायच्या आधी एक बारीक काम मुद्दाम अर्धवट सोडते आणि लेअरच्या नावात लिहून ठेवते: "तिसऱ्या पायरीची डावी कड, शेवाळ बाकी." दुसऱ्या दिवशी विचार करावा लागत नाही, शेवाळ टेकवायला घ्यायचं. पहिली पाच मिनिटं गेली की पुढचा तास आपोआप जातो.

जोडीला मनगट दुखत होतं. खुर्ची खाली होती, कोपर टेबलापेक्षा खाली राहत होता. दोन उशा घेऊन उंच बसले, आठवड्यात थांबलं. पेनाचं टोकही घासून छिन्नीसारखं तिरकं झालं होतं, टॅब्लेटवर काडी ओढल्यासारखा आवाज यायचा. नवी टोकं २५० रुपयांना. तळहात घामानं चिकटतो म्हणून जुन्या मोज्याची बोटं कापून घालते.

२९ सप्टेंबर

आईचा फोन. घटस्थापना गुरुवारी, म्हणून घरात धुणी काढली आहेत का विचारत होती. मग स्वतःच सांगायला लागली: घटस्थापनेआधी मेणवलीच्या बायका घरातल्या सगळ्या गोधड्या घाटावर आणायच्या. पायरीवर आपटायच्या, वाहत्या पाण्यात सोडायच्या, पिळायच्या आणि वरच्या पायऱ्यांवर पसरायच्या. "सगळा घाट रंगीत व्हायचा बघ," म्हणाली.

मी चार महिने रिकामा घाट काढत होते. दगड, पाणी, देऊळ, घंटा. चित्र बरं होत होतं पण त्यात माझं मन गुंतत नव्हतं, आणि का ते कळत नव्हतं. फोन ठेवला आणि त्याच रात्री खालच्या पायरीवर एक परकरी मुलगी काढली, हातात पिळलेली गोधडी. वर पाच गोधड्या पसरल्या. एकीचे तुकडे आमच्या घरातल्या गोधडीवरून काढले, त्यात आईच्या जुन्या पातळाचा जांभळा आहे.

एम दाबला की क्रिटात चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, चुका उघड्या पडतात. मुलगी नदीत पडेल अशी कलली होती. तीन वेळा पाय बदलले.

२० ऑक्टोबर

छपाई. पहिली प्रत १५० रुपये, पूर्ण काळवंडलेली. मूगसाल दिसेना, सावल्यांत गोधड्या बुडाल्या. छापणाऱ्याचा दोष नव्हता. मी रात्री अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून काम करत होते, त्या उजेडाला भुलून रंग गडद गडद करत गेले.

खोलीतला दिवा लावला, पडद्याशेजारी कोरा कागद धरला आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदाइतकं दिसेपर्यंत उजेड कमी केला. ४० टक्क्यांवर आला. मग चित्राच्या चार छोट्या प्रती, प्रत्येक थोडी जास्त उजळ, एकाच ए-फोरवर छापून आणल्या, ३० रुपये. तिसरी बरोबर वाटली. मॅट कागदावर अंतिम प्रत २२० रुपये.

आतापर्यंतचा खर्च ८,४५० रुपये. त्यातले कोर्सचे ३,५०० वाचले असते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

पुण्याला दादाकडे. ओवाळून झाल्यावर आईच्या मांडीवर चित्र ठेवलं. तिनं चष्मा शोधला. बराच वेळ काही बोलली नाही, बोट खालच्या पायरीपासून एकेक पायरी वर नेत राहिली. जांभळ्या तुकड्यापाशी थांबली. "हे माझं पातळ."

मग म्हणाली, "पाणी आणखी एक पायरी वर घे. घटस्थापनेच्या सुमाराला ही पायरी कधी कोरडी नसायची."

थोड्या वेळानं परत चित्र जवळ घेतलं. "आणि अगं, गोधडी एकटीला पिळता येते का? भिजल्यावर उचलतसुद्धा नाही. दोन टोकांना दोघी लागतात. ही मी असेन, तर समोर तुझी मावशी हवी."

मावशी जाऊन सहा वर्षं झाली. तिचा परकरातला फोटो कुणाकडेच नाही. आईला विचारलं, मावशी उभी कशी राहायची. आई सोफ्यावर बसल्या बसल्या दोन्ही हात पुढे घेऊन, एक खांदा खाली टाकून दाखवायला लागली. वहिनी पलीकडून टॉवेल घेऊन आली आणि दुसरं टोक धरलं. मी वहीत चार रेघांत ते घेतलं.

१० नोव्हेंबर

फाइल क्रमांक ६१. पाणी एक पायरी वर घेतलंय, त्यामुळे पहिल्या मुलीचे पाय घोट्यापर्यंत बुडाले आणि ती कललेली वाटत होती तेही गेलं. गोधडी सोडवून दोघींच्या मधे ताणायची आहे, पीळ मधोमध बसवायचा आहे. नवा लेअर उघडला. आज फक्त खांदा झाला. लेअरचं नाव: "मावशी, डावा हात बाकी."